न जुळणाऱ्या दोन ओळी

नौपाडा, ठाणे

चि.स अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा तक्ता मिळाला. प्रोटॉन बाहेर टाकणाऱ्या अणुकेंद्रकांची अर्धायुष्ये तू पाच वेगवेगळी पोटेन्शियल, म्हणजे प्रोटॉनवरच्या बलाची गणिती रूपे, घेऊन काढलीस, ती बहुतेक ठिकाणी प्रयोगाशी दुपटी-तिपटीच्या आत जुळली, आणि होल्मियम-141 व युरोपियम-131 या दोन ओळी कशानेही जुळेनात म्हणून त्या प्रकल्पातून गाळाव्यात का, असे तू विचारतेस. गाळू नकोस.

ड्रिप लाइनपलीकडच्या, म्हणजे प्रोटॉन धरून ठेवण्याची मर्यादा ओलांडलेल्या, अणुकेंद्रकातला शेवटचा प्रोटॉन बांधलेला नसतोच. विद्युत प्रतिकर्षण आणि कोनीय संवेग यांचा मिळून झालेला अडथळा त्याला काही काळ थोपवून धरतो, इतकेच. 1981 मध्ये जर्मनीत डार्मश्टाटला ल्युटेशियम-151 च्या मूळ अवस्थेतून सुमारे 1.23 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचा प्रोटॉन निघताना दिसला. त्या ऊर्जेला ऐंशीएक मिलिसेकंदांचे अर्धायुष्य म्हणजे प्रोटॉन पाच एकक कोनीय संवेगाच्या कक्षेत असला पाहिजे. संवेग कमी असता तर तो कितीतरी आधीच निसटला असता. तुझे गणित इथे जुळते, कारण हे अणुकेंद्रक गोल मानले तरी भागते. त्यात तुझ्या पाच पोटेन्शियलांची फारशी कर्तबगारी नाही, रागावू नकोस.

तुझ्या त्या दोन ओळींचे मोजमाप 1998 मध्ये अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेत झाले. गोल अणुकेंद्रकाच्या गणितात ती अर्धायुष्ये बसेनात, म्हणूनच ही अणुकेंद्रके लांबट आहेत हे मान्य करावे लागले. पुढच्याच वर्षी युरोपियम-131 मधून कमी ऊर्जेचा दुसरा प्रोटॉनही सापडला, जो समारियम-130 ला 121 केईव्हीच्या, म्हणजे 0.121 एमईव्हीच्या, उत्तेजित अवस्थेत सोडतो, आणि लांबटपणाला स्वतंत्र आधार मिळाला. जुळलेल्या ओळींनी यातले काहीही सांगितले नसते. फिनलंडमध्ये 2025 मध्ये सापडलेले ॲस्टाटिन-188 हे आजवरचे सर्वांत जड प्रोटॉन-उत्सर्जकही लांबट निघाले, आणि तिथेही संशोधकांचे लक्ष अपेक्षित कल मोडणाऱ्या आकड्यानेच वेधले.

स्पेक्ट्रोस्कोपिक फॅक्टर, म्हणजे प्रोटॉन त्या कक्षेत असण्याची शक्यता सांगणारा गुणक, खालीवर करून जुळवून घे, हा तुला मिळालेला सल्ला मात्र मला मुळीच पटलेला नाही. घरात नकोसे झालेले सामान माळ्यावर टाकावे तसा सगळा विसंवाद त्यात कोंबता येत नाही. गणिताने काढलेले अर्धायुष्य मोजलेल्यापेक्षा जास्त आले, तर तो फॅक्टर एकाहून मोठा घ्यावा लागेल, आणि त्याला अर्थ उरणार नाही.

माझ्या प्रबंधातलेही न जुळणारे प्रकरण काढून टाकायला मार्गदर्शकांनी सांगितले होते. मी काढले नाही. पदवी रखडली, बाहेर जाऊन प्रयोगात उतरण्याची संधी गेली, आणि पुढे मी इथे शिकवत, कागदावर गणिते करत राहिलो. त्या संधीची खंत अजून आहे. लोक हट्टी म्हणतात, म्हणोत; ते प्रकरण आजही प्रबंधात आहे, आणि तो पुन्हा उघडायचा झाला तर मी तेवढेच उघडतो. न जुळणारा आकडा ठेवावाच लागतो, हे मी तुला किती वेळा सांगू?

रविवारी नेरूळहून ट्रान्स-हार्बरने ये. तोवर होल्मियम-141 साठी विरूपण (लांबटपणाचे माप) शून्यापासून 0.3 पर्यंत थोडे थोडे वाढवत अर्धायुष्य कसे बदलते ते काढून आण. पाच पोटेन्शियल नकोत, एकच पुरे.