यूपीआय, ओटीपी आणि सोमवारची वाट बघणारे : वाचकांचे प्रश्न

परत तेच प्रश्न आलेत, फक्त गावं बदललीत. सगळ्यांना एकदमच उत्तरं देऊन टाकतो.

प्रश्न : जुना सोफा विकायला काढलाय. घेणारा म्हणतो मी पाठवलेला क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका, लगेच पैसे जमा होतील. करू का? (इचलकरंजी)

नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

प्रश्न : एटीएमवर कार्ड घालायच्या आधी कॅन्सल दोनदा दाबलं की पिन चोरीला जात नाही, असा आरबीआयचा मेसेज आलाय. खरं का?

तो आरबीआयचा नाही, तुमच्या फॅमिली ग्रुपचा आहे. पिन टाकताना दुसऱ्या हाताने कीपॅड झाका.

प्रश्न : कुणीतरी खात्यात थोडे पैसे टाकतं आणि आपण बॅलन्स बघायला पिन टाकला की खातं रिकामं होतं म्हणे. आता बॅलन्स बघायचीही भीती वाटते. (रत्नागिरी)

बिनधास्त बघा. बॅलन्स बघायला टाकलेल्या पिनने बॅलन्सच दिसतो. पैसे जायचे तर पेमेंट वेगळं उघडून त्याला वेगळा पिन द्यावा लागतो, आणि माणसाने माणसाकडे पैसे मागायची ती कलेक्ट रिक्वेस्ट तर 1 ऑक्टोबर 2025 पासून बंदच केलीये. पिनच्या स्क्रीनवर वरती रक्कम आणि नाव लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही हा खरा घोळ आहे. अनोळखी पैसे आले आणि समोरचा परत मागतोय, तर स्वतःहून पाठवू नका, बँकेला लेखी कळवा.

प्रश्न : वडिलांना व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' नावाची फाईल आली, त्यांनी उघडली. शुक्रवारी रात्री तीन ट्रान्झॅक्शनमध्ये 1 लाख 84 हजार गेले. दुसरा शनिवार आणि रविवार म्हणून सोमवारी ब्रँचला गेलो, मॅनेजर म्हणाले अर्ज द्या, बघू. आता एक जण 10 टक्के ॲडव्हान्स घेऊन पैसे रिकव्हर करून देतो म्हणतोय. देऊ का? (नाशिक)

आधी शेवटचं. एक रुपया देऊ नका. पोलीस पैसे परत मिळवायची फी घेत नाहीत, बँकही घेत नाही, म्हणजे हा कोण ते समजून घ्या. फसलेल्यांचे नंबर पुढे विकले जातात आणि हे लोक दुसऱ्यांदा येतात.

आता मला ज्याचा राग येतो ते, सोमवार. अहो, ब्रँच बंद होती, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 बंद नव्हती! पैसे तुमच्या खात्यातून निघाले की पहिल्या खात्यात पाचदहा मिनिटंसुद्धा थांबत नाहीत कधीकधी, तिथून तुकडे होऊन चार खात्यांत, तिथून आणखी पुढे, मग कुणीतरी एटीएममधून काढतं नाहीतर क्रिप्टो घेतं. 1930 वर तक्रार गेली की ती साखळीतल्या बँकांकडे पोचते आणि ज्या खात्यात जेवढे उरलेत तेवढ्यावर होल्ड लागतो. उरलेत तेवढ्यावरच, हे डोक्यात ठेवा. दोन दिवसांनी तिथे काय उरणार? सुट्टी बघूनच डाव टाकणारे असतात. 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेला 94 कोटींचा फटका बसला, त्यातला एटीएमवाला भाग 11 ऑगस्टला झाला, तोही दुसराच शनिवार.

तरीही आज करा, आत्ता. दुसऱ्या फोनवरून 1930 लावा, सायबरक्राइम पोर्टलवर तिन्ही ट्रान्झॅक्शनचे यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा बँकेने दिलेला वेगळा नंबर) टाका, पोचनंबर जपा. वडिलांचा फोन फ्लाइट मोडवर टाका, वायफाय पण बंद, ती एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल, एसएमएस वाचायची परवानगी घेऊन ओटीपी बाहेर पाठवत असणार. चॅट डिलीट करू नका, पुरावा आहे तो. फोन रीसेट करायचा तो पोलिसांना विचारून.

आणि 'बघू' वर परत येऊ नका, अर्जावर तारीख-वेळेचा शिक्का घ्या. आरबीआयच्या 2017 पासूनच्या नियमाप्रमाणे, चूक ना तुमची ना बँकेची अशी असेल आणि 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. सहकारी बँकांनाही तसाच नियम आहे. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. फाईल उघडली म्हणजे निष्काळजीपणा, असं बँक म्हणेलच, तिथे मात्र सायबर केसेस बघणारा वकील लागेल, मी इथून निकाल देणार नाही. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे जाता येतं.

प्रश्न : मुलगा पुण्यात हॉस्टेलवर असतो. मित्राला 'गेमिंगचे पैसे' घ्यायला खातं आणि एटीएम कार्ड वापरायला दिलं, महिना 5 हजार मिळायचे. आता खातं फ्रीज झालंय. (लातूर)

वर नाशिकच्या काकांचे पैसे ज्या खात्यांतून पुढे गेले ना, ती अशीच असतात, त्यांना म्यूल अकाऊंट म्हणतात. मित्र गायब झाला तरी पोलिसांना नाव तुमच्या मुलाचंच दिसणार. आजच वकील गाठा, मुलाला एकट्याला कुठेही जबाब द्यायला पाठवू नका. फ्रीज कुठल्या राज्याच्या सायबर पोलिसांनी केलंय ते बँकेकडून लेखी घ्या. मित्राचे मेसेज पुसू नका, मिळालेले 5 हजार लपवू नका. 'खातं माझं नव्हतंच' असलं काही सांगायला जाऊ नका.

प्रश्न : बँकेतली मॅडम सायबर इन्शुरन्स घ्याच म्हणतेय, वर्षाला थोडेच पैसे आहेत. घ्यावा का?

ब्रोशर नको, पॉलिसीचं पूर्ण वर्डिंग मागा आणि त्यात एक्सक्लुजनचं, म्हणजे कशाकशाचे पैसे मिळणार नाहीत ते पान उघडा. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर क्लेम मिळतो की नाही, आणि किती तासांत कळवायचं, एवढं मॅडमकडून ईमेलवर लिहून घ्या. लिहून देत नसतील तर घेऊ नका.