डिशवॉशर ओट्याखाली नेताना

माझा सुटा डिशवॉशर ओट्याच्या टोकाला उभा आहे. आता दारामागे लपणारा इंटिग्रेटेड घेऊन ओट्याखाली बसवायचाय. ६० सेंमी रुंद जागा पुरेल ना? (फोंडा)

रुंदीला पुरेल, घोडं अडेल ते उंचीवर. सुटा साधारण ८५ सेंमी उंच असतो, इंटिग्रेटेड ८२च्या आसपास. ३४ इंची ओटा म्हणजे ८६ सेंमी. त्यातून ग्रॅनाइट आणि त्याखालचा कडप्पा वजा केला की ८२ जेमतेम उरतात. त्यात जुन्या ओट्यांखाली गवंड्याने तीन-चार इंचांचा चौथरा भरलेला असतो, तो त्या जागेपुरता फोडावाच लागतो. फोडल्यावर तिथेही बाहेरच्याच पातळीला फरशी घाला. तळ खड्ड्यात राहिला तर बिघाडाच्या दिवशी मशीन बाहेर निघणार नाही.

सॉकेट मशीनच्या पाठीमागे नको. ही चूक माझ्याच घरी झालीय. प्लग दोन इंच पुढे आला, मशीन तेवढंच बाहेर राहिलं आणि नवंकोरं दार शेजारच्या दारांच्या रांगेत बसेना. शेवटी सोळा अँपियरचं सॉकेट सिंकखालच्या कपाटात घेतलं, पाण्याचा नळही तिथेच. सांडपाण्याची नळी आधी ओट्याच्या तळापर्यंत वर चढवून मग खाली सोडा, नाहीतर सिंकचं खरकटं पाणी मशीनमध्ये उतरतं.

सुट्या मशीनलाच पुढून लाकडी दार ठोकलं तर? (डिचोली)

नको. त्याच्या दाराच्या स्प्रिंगा तेवढं वजन पेलायला केलेल्याच नसतात. काही मॉडेलचं वरचं झाकण निघतं. तसं असेल तर मशीन ओट्याखाली सरकवा आणि पुढून जसं दिसतं तसं दिसू द्या. वाईट दिसत नाही.

नवीन मशीनचं दार हात सोडला की धाडकन खाली येतं. शिवाय पावसाळ्यात खालून फुगून स्कर्टिंगला घासतं. (म्हापसा)

पहिलं दुखणं सोपं आहे. स्प्रिंगांचा ताण वाढवायचे स्क्रू असतात, दोन्ही बाजूंना सारखेच फिरवा. अर्ध्यावर सोडलेलं दार तिथेच थांबलं की जमलं. तरीही पडत असेल तर दाराची फळी तोलून बघा. किती किलोपर्यंत चालेल ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. सुतारांना जाड फळीचा भारी सोस!

फुगण्याला मात्र सुतारच जबाबदार. समोरून लॅमिनेट चकाचक आणि खालची कापलेली कड उघडी, मग आपल्या जून-जुलैच्या हवेत दुसरं काय होणार? दार उतरवून, उन्हात खडखडीत वाळवून कड रंधा, सील करा. नवं करणार असाल तर आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय घ्या. मशीनबरोबर वाफ अडवणारी चिकटपट्टी येते, ती ओट्याच्या खालच्या कडेला लावायची. बऱ्याच घरांत ती खोक्यासकट भंगारात जाते.

ग्रॅनाइटला स्क्रू बसत नाही, मग मशीन तसंच ठेवलं तर चालेल? (मडगाव)

चालणार नाही. दार उघडून भरलेला खालचा ट्रे ओढलात की सगळं पुढे कलंडेल. बाजूच्या कपाटांना पट्ट्यांनी बांधून घ्या. दोन्हीकडे नुसता कडप्पा असेल तर आधी त्याला आतून लाकडी पट्टी बसवा.

मीठ घरातलंच घालू का? आणि तांब्याची भांडी? (पेडणे)

मीठ डिशवॉशरचंच, जाड दाण्याचं. ते पाण्याचा कठीणपणा काढायला असतं. पाणी बोअरचं असेल तर त्याची कठीणता तपासून मशीनची सेटिंग लावा. तांब्या-पितळेला चिंच आणि हात.