गुणधर्म-आधारित एन्क्रिप्शनमध्ये खासगी किल्लीचा गैरवापर कसा रोखावा?

गुणधर्म-आधारित एन्क्रिप्शनमध्ये मजकूर कोणा एका व्यक्तीसाठी नव्हे, तर ठरावीक गुणधर्म असलेल्या कोणालाही आपल्या किल्लीने उघडता येईल असा कुलूपबंद केला जातो. आपला प्रश्न असा आहे की, एकसारखे गुणधर्म असलेल्या अनेक वापरकर्त्यांपैकी एकाने आपली खासगी किल्ली बाहेरच्या माणसाला दिली, तर ते मुळात थांबवता येते का, आणि येत नसेल तर देणारा सापडतो का. पहिल्या भागाचे उत्तर, केवळ गणिताच्या बळावर, नाही असे आहे. देणारा मात्र सापडू शकतो, पण त्यासाठी योजना सुरुवातीलाच तशी निवडावी लागते.

नेहमीच्या सार्वजनिक किल्लीच्या पद्धतीत किल्ली एका व्यक्तीच्या नावावर असते, त्यामुळे ती बाहेर सापडली की ती कोणाची हे लगेच कळते. येथे किल्लीवर ‘डॉक्टर’ आणि ‘हृदयरोग विभाग’ एवढेच असते आणि त्या विभागातल्या कोणाचीही ती असू शकते. ही योजना संगनमतापासून सुरक्षित आहे, म्हणजे गैरवापरापासूनही सुरक्षित आहे, अशी गल्लत पुष्कळदा होते. बेथनकोर्ट, सहाय आणि वॉटर्स यांच्या २००७ च्या योजनेत एका किल्लीचे सगळे घटक त्या वापरकर्त्यापुरत्या निवडलेल्या यादृच्छिक संख्येने एकत्र बांधलेले असतात, म्हणून दोघांचे गुणधर्म जोडून तिसरी किल्ली बनत नाही. पण अख्खी किल्ली उचलून देण्याला त्याने काहीच अडसर होत नाही. उलट त्याच योजनेत धारकाला आपल्या गुणधर्मांपैकी काहींची नवी किल्ली काढता येते आणि त्या वेळी यादृच्छिक संख्याही बदलते, म्हणजे मूळ धारकाची खूणच पुसली जाते. माग काढायचा असेल तर ही सोय सोडावी लागते.

ल्यू, त्साव आणि वाँग यांनी २०१३ मध्ये मागाचे दोन प्रकार मांडले. पहिल्यात किल्ली देतानाच धारकाची ओळखसंख्या तिच्या घातांकात गुंफली जाते; ती बदलून चालणारी किल्ली बनवणे हे डिजिटल स्वाक्षरी बनावट करण्याइतके कठीण असते. हा उपाय स्वस्त आहे, पण फुटलेली किल्ली प्रत्यक्ष हाती लागली तरच उपयोगी पडतो. देणाऱ्याने किल्ली एखाद्या प्रोग्रॅममध्ये लपवून केवळ तो प्रोग्रॅम विकला, तर दुसरा प्रकार लागतो: मुद्दाम रचलेली सायफरटेक्स्ट (कुलूपबंद केलेले मजकूर) त्या प्रोग्रॅमला देऊन तो कोणती उघडतो यावरून धारक ओळखला जातो. याची किंमत अशी की सायफरटेक्स्टचा आकार वापरकर्त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. १०,००० वापरकर्ते असतील तर ते वर्गमूळ १०० येते, आणि लहान उपकरणांना हा भार मला जड वाटतो.

म्हणून मी पहिला प्रकार घेईन आणि त्याला दोन गोष्टींची जोड देईन. एक, किल्लीला ठरावीक काळाची मुदत, म्हणजे फुटलेली किल्ली निदान पुढच्या काळातल्या मजकुराला निरुपयोगी ठरेल. दुसरी, डिक्रिप्शनचा, म्हणजे मजकूर उघडण्याच्या कामाचा, एक वाटा सर्व्हरकडे ठेवणे, म्हणजे संशय येताच त्या धारकाला पुढचे काहीही उघडता येणार नाही. मात्र सर्व्हरने तो वाटा गुप्त राखला पाहिजे.

किल्ल्या देणाऱ्या प्राधिकरणाचा विचार बहुतेक वेळा राहून जातो. ते कोणाच्याही नावाची किल्ली बनवू शकत असेल, तर पकडला गेलेला धारक ‘ही त्यांनीच बनवली’ असे म्हणेल आणि ते खोडून काढणे अशक्य होईल. यासाठी धारकाच्या किल्लीतला एक भाग प्राधिकरणालाही कळणार नाही अशी देवाणघेवाण करून किल्ली बनवावी. ओळख-आधारित एन्क्रिप्शनसाठी, म्हणजे जिथे व्यक्तीची ओळख हीच तिची सार्वजनिक किल्ली असते त्या पद्धतीसाठी, गोयल यांनी ही कल्पना २००७ मध्येच मांडली होती.