मुंबईत राहून हौसेखातर आइस हॉकीचा गोलकीपर व्हायचंय. घरातलं क्रिकेटचं कीपिंगचं सामान चालेल का? आधी काय घ्यावं?

नाही चालणार. पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती चकती, गोठवलेलं कडक रबर असतं, वजन 170 ग्रॅमपर्यंत, आणि तो कडेनेही लागतो. क्रिकेटचे ग्लव्हज, पॅड त्यासाठी बनलेलेच नाहीत.

पैसे आधी मास्क, गळ्याचा गार्ड, छातीचं चिलखत आणि एल-गार्ड यांत घाला. मास्क जुना घेऊ नका, आतला तडा वरून दिसत नाही. लेग पॅड मात्र खुशाल सेकंडहँड घ्या. वापरून मऊ पडलेले बरे. माप नुसत्या उंचीवरून ठरवू नका. स्केट घालून गुडघे टेका, गुडघा पॅडच्या आतल्या गादीवर बरोबर बसला पाहिजे. पट्टे करकचून आवळायचे नाहीत, खाली बसताना पॅड पायाभोवती फिरावा लागतो. माझी पहिली चूक हीच होती. स्केटही गोलकीपरचेच हवेत, त्यांचं पातं जास्त सपाट असतं.

आणि मुंबईची हवा! खेळून आल्यावर बॅग बंद ठेवलीत तर पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी, शिवाय घरच्यांची बोलणी. सगळं काढून पंख्याखाली टांगा. पाती कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर गंज ठरलेला.