गॅरेजवाला महिन्यापासून ‘उद्या देतो’ म्हणतोय, गाडी काही मिळत नाही. काय करावं?

आधी प्रत्यक्ष गॅरेजमध्ये जा आणि काम नेमकं कुठे अडलंय ते बघा. फोनवर ‘पार्ट येतोय’ एवढंच ऐकायला मिळतं. पार्ट खरंच मागवला असेल तर ऑर्डर दाखवा म्हणावं. काम विम्यातून असेल तर सर्व्हेअरची (नुकसान तपासणाऱ्याची) मंजुरी अडकली आहे का, हे विमा कंपनीलाच विचारा. तसं असेल तर गॅरेजवाल्याशी भांडून उपयोग नाही.

जॉब कार्ड (गाडीवर करायच्या कामांची गॅरेजची नोंद) आणि एस्टिमेट म्हणजे अंदाजे खर्चाची प्रत नसेल तर आजच घ्या. गाडीचे आणि मीटर रीडिंगचे फोटोही काढा. मग व्हॉट्सअॅपवर साधं लिहा: गाडी कधी दिली, कधी परत मिळणार होती, आता कोणत्या तारखेपर्यंत हवी. तोंडी कितीही वाद घाला, पुढे कामाला येतो तो हा मेसेज.

तरीही हलला नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तिथे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील लागतोच असंही नाही.

चिडून गाडी परस्पर उचलून मात्र आणू नका. केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी ठेवून घ्यायचा हक्क करार कायद्याच्या कलम १७० ने त्याला दिलाय. न केलेल्या कामासाठी तो हक्क नाही, म्हणून बिल कामवार लिहून मागा आणि बदललेले जुने पार्टही परत घ्या.