ऑल टाइम ग्रेट अमेरिकन फुटबॉलर्सची लिस्ट करताय? मग आधी हे वाचा

अरे वा, लिस्ट करायला घेतलीस, मस्त! फक्त पहिल्याच दिवशी टॉप 100 च्या नादी लागू नकोस, दहा नावं पुरेत.

सगळे नवे लोक एकच घोळ घालतात, कोणी किती सुपर बोल (लीगची फायनल) जिंकले ते मोजतात आणि मोकळे होतात. क्वार्टरबॅक (बॉल फेकून अटॅक चालवणारा) टॉम ब्रेडीचे 7 आहेत, मान्य, पण मग क्वार्टरबॅक डॅन मरीनोकडे एकही नाही म्हणून तो काय फालतू होता का? टीमचं यश वेगळं, माणसाचा खेळ वेगळा.

दुसरं म्हणजे काळ बघ. जिम ब्राउन फक्त 9 सीझन खेळला, सुरुवातीला तर 12 च मॅचेस असायच्या, तरी 8 वेळा रशिंगमध्ये (बॉल घेऊन पळत यार्ड्स कमावण्यात) पहिला, आता 17 मॅचेस असतात, त्यामुळे नुसते यार्ड्स शेजारी शेजारी ठेवून काही कळत नाही. सॅक (क्वार्टरबॅकला बॉल फेकण्याआधीच पाडणं) तर 1982 पासून ऑफिशियली मोजतात, म्हणजे त्याआधी खेळलेल्या डिफेन्समधल्या डीकन जोन्सचा आकडा अधिकृत यादीत सापडणारच नाही तुला!

आणि प्लीज, दहाच्या दहा क्वार्टरबॅक नकोत. लॉरेन्स टेलर डिफेन्समधला असून 1986 चा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) होता, पास पकडणारा जेरी राइस तर हवाच. लाइनमन (पुढे उभं राहून क्वार्टरबॅकला वाचवणारे) सगळेच विसरतात, अँथनी मुन्योझचा खेळ बघ जरा.

अ‍ॅडव्हान्स्ड स्टॅट्स सध्या राहू दे. लिस्ट टाक, मग भांडू :)