युद्धावर लिहिणारे जपानी लेखक शोहेई ओओका आधी अनुवादक होते की कादंबरीकार?

आधी अनुवादक, कादंबरीकार ते युद्धानंतर झाले. १९०९ साली तोक्योत जन्मलेले ओओका क्योतो विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकले आणि फ्रेंच कादंबरीकार स्तांदालचे अभ्यासक-अनुवादक म्हणून ओळखले जाऊ लागले. १९४४ मध्ये, पस्तिशीत, त्यांना सैन्यात भरती करून फिलिपिन्सच्या मिंदोरो बेटावर धाडलं. जानेवारी १९४५ मध्ये अमेरिकनांनी पकडलं आणि लेयते बेटावरच्या छावणीत ठेवलं. त्या अनुभवावरचं त्यांचं पुस्तक ‘फुर्योकी’, म्हणजे युद्धकैद्याची नोंद.

अनुवादकाची नजर बघायची तर त्यातला एकच प्रसंग पुरे: मलेरियाने खंगलेला निवेदक गवतात दडलाय, एक तरुण अमेरिकन सैनिक बेसावध समोर येतो, बंदूक हाताशी आहे, पण हा गोळी झाडत नाही. मग पानंच्या पानं स्वतःचीच उलटतपासणी. दया आली? भीती? की आणखी काही? एकही उत्तर तो सहजासहजी पटवून घेत नाही. हा काटेकोरपणा मला तरी स्तांदालच्या सहवासातून आलेला वाटतो.

एक मात्र ध्यानात ठेवा: उपासमार आणि नरमांसभक्षणावरची ‘नोबी’ (१९५१) ही त्यांची गाजलेली कादंबरी आत्मचरित्र म्हणून वाचू नका. तिचा निवेदक तामुरा लेयतेच्या रानात भटकतो. ओओका पकडले गेले ते मिंदोरोवर. इव्हान मॉरिस यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केलाय, सुरुवात तिथून केलीत तरी चालेल.